लाइट उनी, पन काटा उना नही

प्रश्न थोडक्यात असा. जळगावच्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात काम करणाऱ्या तरुणाने जिनिंगच्या वजनकाट्यासाठी पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहिला आहे. काट्याच्या इंडिकेटरमधून सिरियल केबलने वजन येतं, पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये साठतं आणि शेतकऱ्याच्या हातात पावती पडते. एका गिऱ्हाइकाकडे डेबियन, दुसऱ्याकडे रॉकी लिनक्स, म्हणून त्याने डेबियनसाठी डेब आणि रॉकीसाठी आरपीएम अशी दोन्ही पॅकेजं केली. तक्रारी चार. हाताने चालवला तर प्रोग्राम चालतो, इन्स्टॉल केल्या केल्याही चालतो, पण रिबूटनंतर कधी उठतो कधी नाही. वीज जाऊन आली की बहुतेक नाहीच. आरपीएम बिनतक्रार बसतं, पण सर्व्हिस सुरू होत नाही. आणि नवी आवृत्ती टाकली की चालू असलेली सर्व्हिस बंद पडते. उपाय म्हणून त्याने युनिट फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हिस कधी आणि कशी सुरू करायची ते लिनक्सला सांगणाऱ्या फाइलमध्ये, सुरुवातीला ३० सेकंदांचा स्लीप घातलाय आणि विचारतोय, ६० करू का?

करू नका भाऊ. ३० सुद्धा काढा. ज्या दिवशी सगळं ठीक असतं त्या दिवशी ते ३० सेकंद फुकट जातात, आणि ज्या दिवशी नसतं त्या दिवशी ६० पण पुरत नाहीत. स्लीप घालणं म्हणजे आपली सर्व्हिस नेमकी कशासाठी थांबायला हवी हे आपल्याला माहीत नसल्याची कबुली. तुमच्या चारही तक्रारींचं मूळ तिथेच आहे. तुमच्या लॅपटॉपवर प्रोग्रामभोवती खूप काही आयतं असतं: तुमचं होम फोल्डर, तुमचा शेल, तुमचे गट, चालू असलेला डेटाबेस, लागलेलं नेट, बरोबर घड्याळ. जिनिंगच्या केबिनमधल्या त्या मशीनवर पहाटे वीज येते तेव्हा यातलं काहीही गृहीत धरता येत नाही. जे लागतं ते पॅकेजमध्ये लिहून द्यावं लागतं.

मी हे शिकलो ते मार खाऊन. दिवाळीनंतरचे दिवस, कापसाची आवक जोरात, आणि पारोळ्याच्या बाजूच्या एका जिनिंगवरून पहाटे ऑपरेटरचा फोन: “भाऊ, लाइट उनी, पन काटा उना नही.” रात्री वीज गेलेली, पहाटे आली. वीज आली की मशीन आपोआप चालू व्हावं अशी बायॉसमध्ये सेटिंग मीच केली होती, तेवढं एक शहाणपण होतं. मशीन उठलं, सर्व्हिस उठली नाही. धुळ्याहून निघून पोचलो तर गेटपासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, आणि रात्रभर ट्रॉलीवर झोपलेली माणसं माझ्याकडे बघतायत. मी एक स्टार्ट कमांड दिली आणि दोन सेकंदांत काटा चालू झाला. हे जास्त लाजिरवाणं होतं. काही तुटलेलं असतं तर निदान सांगायला कारण असतं.

झालं होतं असं. माझ्या युनिट फाइलमध्ये ‘रिक्वायर्स’ म्हणून पोस्टग्रेस लिहिलेला होता. मला वाटायचं, एवढं लिहिलं की सिस्टमडी, म्हणजे लिनक्समध्ये सगळ्या सर्व्हिस उठवणारा प्रोग्राम, आधी डेटाबेस उठवेल आणि मग आपल्याला. पण ‘रिक्वायर्स’ आणि ‘वॉन्ट्स’ फक्त कोण कोण हवं ते सांगतात. कोण आधी, कोण नंतर हे ‘आफ्टर’ सांगतं. पंगतीला कोणाला बोलवायचं ही एक यादी, आणि आधी कोणाला वाढायचं ही वेगळी. ‘आफ्टर’ नसेल तर सिस्टमडी दोघांनाही एकदमच सोडतो. एरवी पोस्टग्रेस आमच्या प्रोग्रामच्या आधी तयार व्हायचा, म्हणून महिनोन्‌महिने चूक दिसली नाही. पण वीज अचानक गेली की पोस्टग्रेस उठताना आधी आपली वॉल, म्हणजे व्यवहारांची नोंदवही, परत वाचून डेटा जुळवतो, आणि तेवढा वेळ कोणाचीही जोडणी घेत नाही. आमचा प्रोग्राम गेला, नकार मिळाला, मेला. ‘रीस्टार्ट’ लिहिलेलं होतं, त्यामुळे सिस्टमडीने परत उठवला. परत मेला.

इथे एक आकडा लक्षात ठेवा. सिस्टमडी मेलेली सर्व्हिस मुळात फक्त १०० मिलिसेकंद थांबून पुन्हा सुरू करतो, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झाली की हात टेकतो. म्हणजे आमच्या सर्व्हिसच्या पाचही संधी पहिल्या काही सेकंदांतच संपल्या. डेटाबेस त्यानंतर व्यवस्थित उठला, पण आमच्या सर्व्हिसकडे वळून बघायला कोणी उरलं नव्हतं. लॉगमध्ये ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ अशी ओळ होती. तुमच्याही लॉगमध्ये ती सापडेल अशी माझी अटकळ आहे.

तेव्हा पहिली दुरुस्ती: ‘वॉन्ट्स’ आणि ‘आफ्टर’ दोन्ही लिहा. ‘रिक्वायर्स’ मी आता सहसा लिहीत नाही. त्याचा एक दुष्परिणाम असा की कोणी डेटाबेस मुद्दाम थांबवला तर आपली सर्व्हिसही त्याच्याबरोबर थांबते, आणि डेटाबेस परत सुरू केला तरी आपली बसलेलीच राहते. शिवाय त्या नावाचं युनिटच मशीनवर नसेल तर ‘रिक्वायर्स’ असलेली सर्व्हिस सुरू व्हायलाच नकार देते. ‘वॉन्ट्स’ आणि ‘आफ्टर’ मात्र नसलेल्या नावाकडे दुर्लक्ष करतात, त्याचा फायदा घ्या. डिस्ट्रोच्या, म्हणजे डेबियन किंवा रॉकीच्या स्वतःच्या, पोस्टग्रेसचं युनिट साध्या नावाचं असतं. पोस्टग्रेस प्रकल्पाच्या स्वतःच्या आरपीएममधून घेतलेल्याच्या नावात आवृत्तीचा आकडा असतो. दोन्ही नावं ‘आफ्टर’मध्ये लिहून टाका, जे असेल ते लागू पडेल. डेबियनवर पोस्टग्रेसच्या मुख्य युनिटची स्थिती ‘ॲक्टिव्ह’ आणि कंसात ‘एक्झिटेड’ अशी दिसते, ते बघून घाबरू नका. ते नुसतं छत्र आहे, खरा क्लस्टर, म्हणजे प्रत्यक्ष डेटाबेस, वेगळ्या युनिटमध्ये चालतो.

दुसरी दुरुस्ती: ‘रीस्टार्ट’ला ‘ऑन-फेल्युअर’ आणि ‘रीस्टार्टसेक’ला ५. प्रत्येक वेळी ५ सेकंद थांबलं की १० सेकंदांत पाच वेळा मरणं शक्यच होत नाही, मर्यादा आपोआप निकामी. मर्यादा स्पष्टपणे काढायची असेल तर ‘स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक’ शून्य करा, पण ती ओळ आता ‘युनिट’ विभागात जाते, ‘सर्व्हिस’ विभागात नाही. चुकीच्या विभागात टाकली तर सिस्टमडी लॉगमध्ये एक इशारा लिहून पुढे जातो, आणि आपण समजतो की काम झालं. अजून एक गोष्ट तुमच्या कोडमध्ये बघा: सगळ्या चुका एका मोठ्या ट्राय-एक्सेप्टमध्ये पकडून शेवटी शून्य कोडने बाहेर पडत असाल, तर सिस्टमडीच्या दृष्टीने प्रोग्राम यशस्वीपणे संपला. मग ‘ऑन-फेल्युअर’ कशाला उठवेल त्याला?

आणि खरं सांगायचं तर ‘आफ्टर’वरही पूर्ण भिस्त ठेवू नका. डेटाबेस दुपारीही पडू शकतो. प्रोग्रामने स्वतः थांबून पुन्हा जोडणी करायला शिकलं पाहिजे. युनिट फाइल ही सकाळची सोय झाली, दिवसभराचं प्रोग्रामने बघायचं.

आता ‘सुरू झाली’ म्हणजे काय? तुमच्या फाइलमध्ये ‘टाइप’ लिहिलेलाच नाही, म्हणजे तो ‘सिंपल’. ‘सिंपल’मध्ये सिस्टमडीने नवी प्रोसेस फोडली की त्याच्या लेखी सर्व्हिस सुरू. तुमचा प्रोग्राम अजून डिस्कवरून वाचलाही गेलेला नसतो. म्हणूनच एक्झेकस्टार्टमधला, म्हणजे कोणता प्रोग्राम चालवायचा ते सांगणाऱ्या ओळीतला, रस्ता चुकलेला असला तरी स्टार्ट कमांड गुपचूप यशस्वी होते. निदान ‘एक्झेक’ लिहा, तो प्रोग्राम खरोखर चालवला जाईपर्यंत थांबतो. सगळ्यात बरा ‘नोटिफाय’. त्यात प्रोग्राम स्वतः तयार झाला की सिस्टमडीने दिलेल्या सॉकेटवर ‘रेडी बरोबर १’ एवढा निरोप पाठवतो. पायथॉनमध्ये त्याला वेगळी लायब्ररीही लागत नाही, दहाएक ओळींचं काम आहे. मात्र निरोप कधी पाठवायचा ते नीट ठरवा. निरोप आला नाही तर मुळात ९० सेकंदांनी सिस्टमडी सर्व्हिस मारून टाकतो. 

काट्याच्या बाबतीत माझं मत असं: डेटाबेस जोडला गेला आणि पावतीची स्क्रीन उत्तर द्यायला लागली की ‘तयार’. इंडिकेटरकडून वजन येण्याची वाट बघू नका. रात्री ऑपरेटर इंडिकेटरचा स्विच बंद करून घरी जातो, तो सकाळी आठला येऊन चालू करणार. सर्व्हिस उठलेली असावी आणि स्क्रीनवर ‘काटा जोडलेला नाही’ असं दिसावं. ते वाचून ऑपरेटर स्विच दाबतो. कोरी स्क्रीन दिसली तर फोन तुम्हालाच येतो.

‘नोटिफाय’ लावून एक्झेकस्टार्टमध्ये शेल स्क्रिप्ट ठेवली असेल तर एक खड्डा आहे. सिस्टमडी मुळात फक्त मुख्य प्रोसेसचाच निरोप मानतो. स्क्रिप्टने पायथॉनला पोटची प्रोसेस म्हणून चालवलं तर त्या पोराचा निरोप बाद. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत ‘एक्झेक’ लावून पायथॉनला स्क्रिप्टचीच जागा घेऊ द्या. किंवा स्क्रिप्टच काढून टाका. निम्म्या वेळा ती फक्त दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावण्यासाठी ठेवलेली असते, आणि त्यासाठी ‘एन्व्हायर्नमेंटफाइल’ आहे. त्या फाइलच्या रस्त्याआधी उणे चिन्ह लावलं की फाइल नसली तरी सर्व्हिस अडत नाही.

शेलचा विषय निघालाच आहे तर: एक्झेकस्टार्ट ही शेलची ओळ नाही. तिथे बाण वळवून लॉग फाइलमध्ये आउटपुट टाकता येत नाही, दोन कमांड जोडता येत नाहीत, टिल्ड चालत नाही, आणि तुमची बॅशआरसी कोणी वाचत नाही. लॉगसाठी बाणाची गरजही नाही, प्रिंट केलेलं सगळं जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या लॉगमध्ये, जातं. फक्त पायथॉनचं आउटपुट टर्मिनलवर जात नसेल तर ते बफरमध्ये साठून राहतं आणि जर्नल तासभर रिकामं दिसतं. ‘पायथॉनअनबफर्ड’ हे व्हेरिएबल १ करा.

तुमच्या पॅकेजमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रोग्रामपुरत्या पायथॉन लायब्ररींचं वेगळं फोल्डर, आहे का? असणारच. ते तुमच्या होम फोल्डरमध्ये बनवून तसंच्या तसं ‘ऑप्ट’मध्ये कॉपी केलं असेल, तर त्यातल्या प्रत्येक स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत तुमच्या होम फोल्डरचा पूर्ण रस्ता कोरलेला आहे. तुमच्या मशीनवर ते चालतं, कारण ते फोल्डर तिथे आहे. गिऱ्हाइकाकडे नाही. ते ज्या जागी राहणार त्याच रस्त्यावर बांधा. आणि डिस्ट्रोचा पायथॉन मोठी आवृत्ती बदलतो तेव्हा ते मोडणार, हेही ध्यानात असू द्या. पॅकेजमध्ये पायथॉनची आवृत्ती नेमकी नोंदवून ठेवली तर अपडेट निदान आधीच अडतं, काटा मध्येच बंद पडत नाही.

असं काही मोडलं की स्टेटसमध्ये एक आकडा दिसतो आणि लोक तो वाचतच नाहीत. २०३ म्हणजे फाइल चालवताच आली नाही: रस्ता चुकला, परवानगी नाही, किंवा पहिल्या ओळीतला इंटरप्रिटर सापडत नाही. एकदा एकाने विंडोजवर नोटपॅडमध्ये स्क्रिप्ट दुरुस्त करून पाठवली होती. ओळीच्या शेवटी विंडोजचं एक न दिसणारं अक्षर चिकटलं, त्यामुळे सिस्टीम बॅश नावाच्या पुढे ते अक्षर धरून इंटरप्रिटर शोधत बसली. फाइल समोर दिसतेय आणि सिस्टीम म्हणतेय सापडत नाही. रॉकीवर याच २०३ चं आणखी एक कारण एसईलिनक्स ही सुरक्षाव्यवस्था असू शकते: होम फोल्डरमधून ‘मूव्ह’ केलेली फाइल तिथलं लेबल सोबत घेऊन येते. रिस्टोरकॉन चालवा, एसईलिनक्स बंद करू नका. २१७ म्हणजे युनिटमध्ये लिहिलेला युजर मशीनवर नाही. २०० म्हणजे वर्किंग डिरेक्टरी नाही. २२६ बहुधा सुरक्षेच्या ओळींमुळे येतो, त्यात ज्या फोल्डरचं नाव दिलंय ते जागेवर नसतं.

तुमचं ‘इन्स्टॉल केल्यावर चालतो, रिबूटनंतर नाही’ हे लक्षण मात्र मला फार ओळखीचं आहे. पॅकेजमध्ये ‘रन’च्या खाली एखादं फोल्डर तयार केलंय का, पीआयडी किंवा सॉकेट ठेवायला? ‘व्हार-रन’ लिहिलं असेल तरी तेच, ती आजकाल ‘रन’कडे जाणारी लिंक आहे. ‘रन’ मेमरीत राहतं. इन्स्टॉल करताना फोल्डर बनलं, सर्व्हिस चालली, तुम्ही खूश होऊन चहाला गेलात. मशीन बंद झालं की फोल्डर गेलं. ते बनवायचं काम इन्स्टॉल स्क्रिप्टचं नाहीच. युनिटमध्ये ‘रनटाइमडिरेक्टरी’ लिहा, सर्व्हिस सुरू होताना सिस्टमडी योग्य मालकीचं फोल्डर करून देतो. कायमच्या डेटासाठी ‘स्टेटडिरेक्टरी’. युजर बनवायला सिसयूजर्सची छोटी फाइल पॅकेजमध्ये ठेवा, आणि त्या युजरला ‘डायलआउट’ गटात घाला, नाहीतर सिरियल पोर्ट उघडणार नाही. तुम्ही हाताने चालवता तेव्हा एकतर रूट असता किंवा तुम्ही स्वतः त्या गटात असता, म्हणून अडत नाही.

सुरक्षेच्या ओळी जरूर घाला, पण नेटवरून उचललेली अख्खी यादी चिकटवू नका. ‘प्रायव्हेटडिव्हायसेस’ चालू केलं की सिरियल पोर्टच दिसेनासा होतो. मी त्यात एक दुपार घालवली आहे, तीही मे महिन्यातली.

सिरियल पोर्टवर थोडं जास्त बोलतो, कारण काट्याच्या कामात अर्धी दुखणी तिथलीच. यूएसबी ते सिरियल कन्व्हर्टर लावला की ‘टीटीवाययूएसबी०’ असं नाव मिळतं आणि सगळे तेच कॉन्फिगमध्ये लिहून मोकळे होतात. दुसरा कन्व्हर्टर लागला, समजा मोठ्या डिस्प्ले बोर्डासाठी, की कोण शून्य आणि कोण एक हे त्या दिवशी आधी कोण सापडला त्यावर ठरतं. ‘सिरियल, बाय-आयडी’ या फोल्डरमधलं नाव वापरा. पण स्वस्तातल्या सीएच३४० चिपमध्ये वेगळा सिरियल नंबरच नसतो, दोन सारखे लावले तर बाय-आयडीचाही घोळ होतो. तिथे ‘बाय-पाथ’, म्हणजे कोणत्या भोकात लावलंय त्यावरून नाव, आणि त्या भोकावर रंगाचा ठिपका. मी पॅकेजसोबत यूडेव्हचा, म्हणजे जोडलेल्या उपकरणांना नावं देणाऱ्या प्रोग्रामचा, एक नियम देतो, तो त्या पोर्टला आमच्या ठरलेल्या नावाची लिंक करून देतो. कॉन्फिगमध्ये तेच नाव.

आणि पोर्ट दिसतोय पण वजन येत नाही, किंवा पोर्ट लागतो आणि क्षणात गायब होतो, असं झालं तर दोन चोर आधी तपासा. मोडेममॅनेजर नवा सिरियल पोर्ट दिसला की तो मोडेम आहे का ते बघायला त्यावर कमांड पाठवू शकतो, यूडेव्ह नियमात त्याला ‘याच्याकडे दुर्लक्ष कर’ असं सांगता येतं. दुसरा बीआरएलटीटीवाय, दृष्टिहीनांच्या ब्रेल डिस्प्लेसाठीचा प्रोग्राम. उबुंटू २२.०४ मध्ये तो सीएच३४० ला ब्रेल डिस्प्ले समजून पोर्ट बळकावत असे. काट्याच्या मशीनवर ब्रेल डिस्प्ले नसेल तर तो काढून टाका.

नेटबद्दल थोडक्यात. ‘नेटवर्क टार्गेट’च्या नंतर सुरू हो असं लिहिल्याने नेट लागलेलं असेल याची काही हमी मिळत नाही. ती ‘नेटवर्क-ऑनलाइन’ देतं, आणि तेही ‘वॉन्ट्स’मध्येही लिहिलं तरच. पण काट्याला ते मुळीच लावू नका. गावाकडचा राउटर वीज आल्यावर आपल्या सवडीने उठतो, आणि नेट नसलं तरी कापूस मोजला गेलाच पाहिजे. हिशेब वर पाठवणारा भाग वेगळी सर्व्हिस करा, ती बसो थांबून.

घड्याळ मात्र हलक्यात घेऊ नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या केबिनमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या मशीनची बटण बॅटरी कधीतरी बसतेच, आणि छोट्या बोर्डांपैकी अनेकांवर बॅटरीचं घड्याळच नसतं. मग वीज आल्यावर पावतीवर भलतीच तारीख येते. कापसाचा भाव रोज बदलतो, त्यामुळे तारीख चुकलेली पावती म्हणजे भांडण. ‘टाइम-सिंक टार्गेट’ आणि त्याच्यासोबतची वाट बघणारी सर्व्हिस लावून थांबता येतं, पण नेट नसेल तर ती वाट संपतच नाही. म्हणून मी ते प्रोग्राममध्ये सोडवतो: आताची वेळ शेवटच्या पावतीच्या वेळेच्या मागे असेल तर स्क्रीन लाल होते आणि ऑपरेटरकडून तारीख विचारून घेते.

आता पॅकेजने सर्व्हिस सुरू करणं-थांबवणं. इथे डेबियन आणि रेड हॅट घराण्यांची रीतच वेगळी आहे, त्यात तुमची चूक नाही. डेबियनमध्ये पॅकेज बसलं की सर्व्हिस आपोआप एनेबल होते, म्हणजे दर बूटला उठेल अशी नोंदली जाते, आणि सुरूही होते. फेडोरा, रेड हॅट, रॉकी इकडे प्रीसेट नावाचं धोरण ठरवतं, आणि यादीत नाव नसलेल्या सर्व्हिसला तिथलं उत्तर ‘बंद’. त्यामुळे तुमचं आरपीएम बिनतक्रार बसलं आणि काही सुरू झालं नाही, ते बरोबरच झालं. ‘एनेबल’ला ‘नाऊ’ जोडून एकदा कमांड द्यायची, किंवा मशीन तुमच्याच ताब्यात असेल तर तुमच्या सर्व्हिसचं नाव घातलेली प्रीसेट फाइल पॅकेजच्या आधी मशीनवर ठेवायची. पोस्ट स्क्रिप्टमध्ये, म्हणजे पॅकेज बसल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, थेट स्टार्ट कमांड ठोकू नका. पॅकेज नेहमी चालत्या मशीनवरच बसतं असं नाही. इमेज बनवताना, कंटेनरमध्ये, किकस्टार्टच्या आपोआप इन्स्टॉलेशनमध्ये तिथे सिस्टमडी चालूच नसतो, आणि तुमची स्क्रिप्ट अख्खं इन्स्टॉलेशन पाडते. डेबियनवरही ‘पॉलिसी-आरसी-डी’ नावाची फाइल १०१ परत करून सर्व्हिस सुरू करायला मनाई करू शकते. तयार साधनं हे सगळं पाळतात. डेबियनमध्ये डेबहेल्परचं डीएच-इन्स्टॉलसिस्टमडी, आरपीएममध्ये सिस्टमडीचे पोस्ट, प्रीअन आणि पोस्टअन मॅक्रो. हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टचा अभिमान बाळगण्याचे दिवस सिस्टमडी घेऊन आलेल्या डेबियन ८ बरोबर २०१५ मध्येच संपले.

नवी आवृत्ती टाकली की बंद पडते, त्याचं कारण बहुधा तुमच्या हाताने लिहिलेल्या प्रीअन स्क्रिप्टमध्ये, म्हणजे पॅकेज काढण्याआधी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, आहे. तुम्ही तिथे ‘स्टॉप’ आणि ‘डिसेबल’ लिहिलं असणार, पॅकेज काढलं जाताना साफसफाई म्हणून. पण आरपीएममध्ये अपग्रेडचा क्रम असा: आधी नव्या पॅकेजची पोस्ट चालते, मग जुन्याची प्रीअन आणि पोस्टअन. म्हणजे नवीन येऊन सर्व्हिस सुरू करतो आणि मागून जुना जाता जाता ती बंद करतो. घर रिकामं करणारा भाडेकरू मेन स्विच पाडून जावा, तसं. स्क्रिप्टला मिळणारा पहिला आकडा बघावा लागतो: प्रीअनमध्ये शून्य म्हणजे खरंच काढतायत, १ म्हणजे अपग्रेड चालू आहे. डेबियनमध्ये प्रीआरएमला ‘रिमूव्ह’ की ‘अपग्रेड’ असा शब्दच मिळतो.

यातली खोच अशी की आज तुम्ही दुरुस्त आवृत्ती दिली तरी ती टाकताना जुन्याच पॅकेजची चुकीची प्रीअन चालणार. दुरुस्तीचा गुण एक आवृत्ती उशिरा येतो. गिऱ्हाइकाला फोन करून आधीच सांगा, किंवा या एका आवृत्तीपुरती पोस्टट्रान्स वापरा, ती सगळं आटोपल्यावर शेवटी चालते. प्रीमध्ये, म्हणजे नवं पॅकेज बसण्याआधी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, सर्व्हिस एनेबल होती का ते टिपून ठेवा, आणि होती तरच पोस्टट्रान्समध्ये परत लावा. मालकाने मुद्दाम बंद ठेवलेली सर्व्हिस पॅकेजने परस्पर चालू करणं बरं दिसत नाही.

कॉन्फिग फाइलचं सोपं आहे. ‘ईटीसी’खालच्या फाइल डेबहेल्पर आपोआप जपतो. आरपीएममध्ये ‘नो-रिप्लेस’ लिहावं लागतं, मग नवी फाइल ‘आरपीएमन्यू’ शेपटी लावून शेजारी येते. पॅकेजची युनिट फाइल ‘यूएसआर-लिब’खाली राहते आणि तिला गिऱ्हाइकाकडे हात लावायचा नाही. बदल करायचा तर सिस्टमसीटीएल एडिट, म्हणजे तो वेगळ्या छोट्या फाइलमध्ये जातो आणि अपग्रेडमध्ये पुसला जात नाही.

तपासणीला लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन पुरे. पण नुसतं रिबूट करून समाधान मानू नका, रिबूट म्हणजे सगळ्यांना हात जोडून निरोप देणं. वजन चालू असताना मशीनचा पॉवर थेट तोडा आणि परत द्या, दहा वेळा. चालू प्रोसेसला किल ९ द्या. जुन्यावरून नव्यावर या, काढा, परत टाका. आणि जर्नल डिस्कवर राहतंय ना ते बघा. रेड हॅट घराण्यात बऱ्याच आवृत्त्यांवर मुळात ते मेमरीतच असतं, ‘व्हार-लॉग’खाली ‘जर्नल’ फोल्डर केल्यावर टिकायला लागतं. नाहीतर वीज गेली तेव्हा काय झालं हे विचारायला गेलात की पुरावाही विजेबरोबर गेलेला.

एक गोष्ट राहिली, आणि खरं तर तीच आधी करा. पॅकेज बनवण्याआधी तुम्ही त्या डेबियन मशीनवर युनिट फाइल हाताने लिहून चालवून बघितली होती, असं तुमच्या प्रश्नात ओझरतं आलंय. ती कुठे ठेवली होती? ‘ईटीसी’खालच्या सिस्टमडीच्या फोल्डरमध्ये असेल आणि अजून तिथेच असेल, तर त्याच नावाची पॅकेजमधली फाइल सिस्टमडी वाचतच नाहीये. ‘ईटीसी’तली नेहमी वरचढ. तुम्ही पॅकेजमध्ये कितीही दुरुस्त्या केल्या तरी मशीन तुमची पहिली, घाईत लिहिलेली फाइलच चालवतंय. सिस्टमसीटीएल कॅट आणि पुढे सर्व्हिसचं नाव, एवढी कमांड द्या. पहिल्याच ओळीत कोणती फाइल वाचली जातेय त्याचा रस्ता दिसेल. ते आउटपुट मला पाठवा. रस्ता ‘ईटीसी’ने सुरू होत असेल तर ती फाइल हलवा, डीमन-रीलोड करा, आणि रात्री ऑपरेटर घरी गेला की मेन स्विच एकदा पाडून बघा.